आठपर्यंत

जुलैत उदगीरला रुजू झालो, तासिका तत्त्वावर.
भूगोल, बी.ए. प्रथम वर्ष.
हजेरीपटावर एकशे चौदा, वर्गात एकतीस,
त्यातले निम्मे दाराजवळ, बस चुकू नये म्हणून.

मी चांगला शिकवतो असं मला वाटायचं.
आवाज मोठा, नोट्स पूर्ण,
सेट पहिल्या झटक्यात निघालेली.

एक दिवस शेवटच्या बाकावर
रसायनशास्त्राच्या खुर्शीदबाई येऊन बसल्या.
आधी विचारलं होतं, स्टाफरूममध्ये, मग जिन्यात:
"येऊ का तुझ्या तासाला? नुसती बसते.
प्राचार्यांना काही सांगायचं नाही मला."
मी हो म्हणालो.
माझी नेमणूक मार्चपर्यंतच होती.

तास संपल्यावर त्यांनी हातात दिलं
जुन्या पुरवणीचं एक पाठकोरं पान.
चूक-बरोबर असं काही नव्हतं त्यावर.
खिडकीकडची तिसरी मुलगी: पेनाचं टोपण काढलं. लावलं. काढलं.
निळा शर्ट: तुझ्याकडे बघत होता, तेव्हा तू फळ्याकडे.
प्रश्न अकरा. उत्तरं अकरा. सगळी तुझी.

"दोन सेकंद थांबतोस, बाबा.
लेकराच्या डोक्यात प्रश्न अजून जिना चढायलाय,
अन् तू वरूनच उत्तर टाकून मोकळा.
आठपर्यंत मोज. मनात. ओठ हलवू नको."

रात्री खोलीवर चिडलो.
तीस वर्षं ब्युरेट धरलेली बाई
मला बेसाल्ट शिकवणार.

पण गुरुवारी चारला गेलो त्यांच्या प्रयोगशाळेत.
बर्नरवर चहा. इतिहासाचे बिराजदार, कॉमर्सच्या वट्टमवार मॅडम,
ग्रंथालयातले सोनकांबळे, जे शिकवत नाहीत,
पण कोण कुठलं पुस्तक अर्ध्यात परत करतं ते जाणतात.
नियम एकच: फसलेला तास घेऊन यायचं.
जमलेल्याचं कौतुक ज्याने त्याने घरी करावं.

बिराजदार म्हणाले,
"बावीस वर्षं उदगीरची लढाई
एकाच विनोदासकट शिकवतोय.
यंदा कुणी हसलं नाही.
आधीचेही भ्यायलेच असतील."
कुणी काही बोललं नाही.
वट्टमवार मॅडमनी बिस्किटाचा पुडा
त्यांच्याकडे सरकवला.

सोमवारी मी विचारलं,
आपल्याकडचा दगड काळाच का?
एक. दोन.
पंखा किती वाजतो ते तेव्हा कळलं.
तीन. चार. कुणीतरी खोकलं.
पाच. चाळीस पानी नोट्स घशाशी आल्या.
सहा.
सात.

"सर, काळा एकच नसतो."
टोपणवाली. रविना राठोड.
"खडी केंद्रावर माय तीन ढीग लावती.
एक घणाला दाद देत नाही,
एकाचा हातातच भुगा होतो,
अन् एक भोकाभोकाचा.
तो भोकाचा कामून होतो ते सांगा."

मला येत होतं. जीभ चावून उभा राहिलो.
निळा शर्ट पुटपुटला,
"धिरड्याला पडतात तशी असतील. वाफ निघताना."
वर्ग हसला, मग हसायचा थांबला,
आणि दाराजवळचा एकजण
बॅग खाली ठेवून आत सरकला.

फेब्रुवारीत खुर्शीदबाई म्हणाल्या,
"मे महिन्यात माझी निवृत्ती. त्याआधी तू बस माझ्या तासाला."
बसलो. शेवटच्या बाकावर, पाठकोरं पान घेऊन.
सात प्रश्न विचारले त्यांनी, सातही
पुढच्या बाकावरच्या त्याच एका चष्म्याला.
डावीकडच्या रांगेला तर नुसती पाठच.

"कसा झाला?" हात पुसत त्यांनी विचारलं.
पान माझ्या खिशात होतं. खिशाला घाम.
त्यांना कोण सांगणार, आणि मीच कसा.
बाहेर शिपाई व्हरांड्यातल्या खुर्च्या ओढत होता.

त्या काही बोलल्या नाहीत.
उभ्या होत्या, माझ्याकडे बघत.
ओठ हलत नव्हते.